गाझा: बंदुका कोण मोजणार, सिमेंट कोण मोजणार?

नोंदवही (धागाकर्ता)

अमेरिकी सिनेट आणि प्रतिनिधिगृहातले सदस्य आपल्या प्रशासनाला पत्र लिहून सांगतायत, की हमासचं निःशस्त्रीकरण आणि गाझाची पुनर्बांधणी या दोन्ही कामांत अमेरिकेनं पुढं राहून सूत्रं हलवावीत. मागणी रास्त आहे. पण पत्रात ‘नेतृत्व करा’ एवढं लिहून भागतं, कामाच्या जागी भागत नाही. तिथं कुणीतरी बंदूक हातात घेतो, कुणीतरी पावती फाडतो, कुणीतरी सिमेंटच्या गाडीवर सही करतो. ही माणसं कुणाची आणि कुणाला जबाबदार, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. धागा त्यासाठी काढलाय. कोण बरोबर, कोण चूक, या वादाचे धागे इथं पोत्यानं आहेत. तो वाद कृपया तिकडेच घालावा.

कागदावर काय आहे ते आधी. २९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांची वीसकलमी योजना आली, १० ऑक्टोबरपासून युद्धविराम, १७ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेचा ठराव २८०३. बाजूनं १३, विरोधात शून्य, रशिया आणि चीन तटस्थ. ठरावानं ‘बोर्ड ऑफ पीस’ (गाझाच्या कारभारावर देखरेख ठेवणारं मंडळ) आणि आंतरराष्ट्रीय स्थिरीकरण दल यांना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली आणि दर सहा महिन्यांनी अहवाल मागितला. योजनेच्या १३ व्या कलमात स्वतंत्र निरीक्षकांच्या देखरेखीखाली शस्त्रं कायमची वापराबाहेर काढणं आहे, शिवाय आंतरराष्ट्रीय पैशातून शस्त्रखरेदी आणि लढवय्यांचं पुनर्वसन. सहावं कलम शस्त्र खाली टाकणाऱ्याला माफी देतं, आणि ज्याला देश सोडायचाय त्याला सुरक्षित वाट. इस्रायली सैन्याची माघार निःशस्त्रीकरणाच्या टप्प्यांना बांधलेली आहे.

भोकं तीन दिसतात. शस्त्र कुणाच्या हातात द्यायचं हे स्पष्ट नाही. ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची यादी नाही. आणि जे सदस्य पुढाकार मागतायत त्यांच्याच सभागृहांनी केलेले कायदे या पुढाकाराच्या आड येतात. तिसऱ्या मुद्द्यावर कलमबहाद्दर यांनी लिहावं ही विनंती.

घाटावरचा

आधी शस्त्रं की आधी घरं? इस्रायल म्हणणार शस्त्रं आल्याशिवाय सिमेंट नाही. हमास म्हणणार सैन्य हटल्याशिवाय शस्त्रं नाहीत. आणि लोक तंबूत. हे कुठं सुटलंय का आजवर?

नोंदवही

@घाटावरचा, उत्तर आयर्लंडमध्ये सुटलं, पण वेळापत्रकात अजिबात बसलं नाही. एप्रिल १९९८ च्या करारात दोन वर्षांत शस्त्रं संपवायची होती, म्हणजे मे २००० पर्यंत. ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेनं शेवटचा साठा संपवल्याची घोषणा झाली २६ सप्टेंबर २००५ ला. मधल्या काळात सरकार बसलं, कोसळलं, पुन्हा बसलं.

तिथल्या दोन व्यवस्था उचलण्यासारख्या आहेत. पहिली कायद्याची. १९९७ च्या ब्रिटिश कायद्यानं ठरवलं की जमा झालेल्या शस्त्रावर न्यायवैद्यक तपासणी करायची नाही आणि ते पुरावा म्हणून कोर्टात आणायचं नाही. हे नसतं तर एकही बंदूक आली नसती, कारण प्रत्येक नळीला कुठला ना कुठला खून चिकटलेला असतो. दुसरी व्यवस्था मधल्या पायरीची. २००० साली फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी आणि दक्षिण आफ्रिकेचे नेते सिरिल रामफोसा या दोघांनी आयआरएची भूमिगत गोदामं पाहिली, नंतर परत जाऊन साठा हललेला नाही याची खात्री केली. शस्त्र शत्रूला दिलं नाही, पण वापरातही राहिलं नाही. प्रत्यक्ष नष्ट करणं कॅनडाचे जनरल द शास्तलाँ यांच्या निःशस्त्रीकरण आयोगासमोर झालं, आणि शेवटच्या वेळी एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू साक्षीला होते. फोटो नाहीत, जाहीर यादी नाही. ब्रिटनबरोबर राहू पाहणाऱ्या युनियनिस्टांना हे शेवटपर्यंत खुपलं.

तिरपी_नजर

उत्तर आयर्लंडचा दाखला गाझाला कितपत लागू? तिथं डोक्यावर छप्पर होतं सगळ्यांच्या.

गोदामरक्षक

तिरपी_नजर यांचा मुद्दा खरा आहे, पण मधली पायरी कशी बांधायची हे शिकायला नेपाळ जास्त कामाचं. २००६ च्या अखेरच्या करारानुसार माओवादी सैन्य ७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत बसलं. शस्त्रं पांढऱ्या रंगाच्या कंटेनरमध्ये, आत मांडण्या, प्रत्येक शस्त्राची नोंद. कुलूप संयुक्त राष्ट्रांचं, पण किल्ली माओवादी कमांडरकडे! सोबत भोंगा आणि नोंद ठेवणारं यंत्र. दार अवेळी उघडलं तर निरीक्षकाला कळायचं. तितकीच शस्त्रं नेपाळी सैन्यानंही कुलपात ठेवली. ही बरोबरी नसती तर गाडा पुढं सरकला नसता. निरीक्षकांचं पथक येईपर्यंत पहारा कुणी द्यायचा, यावर तोडगा म्हणून भारतीय सैन्यातले निवृत्त गोरखा जवान घेतले होते.

आता आकडे. नाव नोंदवलेले ३२ हजारांवर, पडताळणीत टिकले १९,६०२. कंटेनरमध्ये शस्त्रं ३,४७५. पडताळणीत बाद झालेल्या ४,००८ जणांत बहुतेक भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. त्यांना छावणीबाहेर पडायला २०१० उजाडलं. शेवटी सैन्यात सामावले गेले साधारण १,४००, बाकी बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं. २००६ ला सुरू झालेलं काम २०१२ पर्यंत चाललं, आणि तेही कुठल्याही शेजारी सैन्याचा ताबा नसलेल्या देशात.

गाझाच्या बाबतीत नेपाळी पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. कंटेनर ठेवायचा कुठं? पिवळ्या रेषेच्या (युद्धविरामात इस्रायली सैन्य जिथवर मागं हटलं ती रेषा) पश्चिमेला ठेवला तर इस्रायल त्याला लक्ष्य मानणार, पूर्वेला ठेवला तर ती शरणागती ठरणार. जागा इजिप्तची किंवा स्थिरीकरण दलाच्या कुंपणातली, एवढेच पर्याय उरतात.

मापटं

सगळ्यांच्या माहितीसाठी, माणशी किती शस्त्रं आली याचा हिशोब:

नेपाळ ०.१८. इंडोनेशियातलं आचे (२००५) ८४० शस्त्रं, ३,००० लढवय्ये, म्हणजे ०.२८. लायबेरिया साधारण ०.२७. सिएरा लिओन ४२ हजार शस्त्रं, ७२ हजार माणसं, ०.५८. कोलंबियात फार्क या बंडखोर संघटनेनं ८,९९४ शस्त्रं दिली, माणसं सुमारे ७ हजार, म्हणजे माणशी एकाहून जास्त.

कोलंबियाचा आकडा वर जायचं कारण असं की तिथं फक्त खांद्यावरची बंदूक मोजली नाही. जंगलात पुरलेले साठेही यादीत धरले आणि संयुक्त राष्ट्रांची पथकं नकाशे घेऊन ते उकरत गेली. गाझात हमासकडं एकूण किती शस्त्रं आहेत याचा छेदच कुणाकडं नाही. त्यामुळे उद्या कुणी ‘७० टक्के शस्त्रं जमा’ म्हणालं तर ७० टक्के कशाचे, एवढंच विचारायचं.

घाटावरचा

मग मोजायचं काय?

गोदामरक्षक

क्षमता. आधी रॉकेटं, त्यांच्या नळ्या, स्फोटकं मिसळायच्या आणि नळ्या कातायच्या कार्यशाळा. मग तोफगोळे आणि रणगाडाभेदी. मग तयार सुरुंग. रायफली शेवटून दुसऱ्या, पिस्तुलं सर्वांत शेवटी. ती परवान्यावर पोलिसांकडे राहिली तरी चालेल. उलट क्रमानं गेलं की फसगत होते. लोक गंजलेल्या रायफली आणतात, टेबलावर ढीग दिसतो, फोटो निघतात आणि लेथ मशीन तळघरात तसंच.

जमा करायच्या जागेचं थोडं सांगतो, कारण अपघात तिथंच होतात. फाटकाबाहेर वाळूच्या गोण्यांची खोपी लागते. मॅगझीन काढायचं, बोल्ट मागं ओढायचा, कोठी (गोळी बसते ती जागा) डोळ्यानं आणि बोटानं तपासायची, नळी वाळूकडे ठेवून घोडा दाबायचा. मगच माणूस आत. स्फोटक, हातबॉम्ब, घरगुती सुरुंग या वस्तू फाटकापर्यंतसुद्धा आणू द्यायच्या नाहीत. माणसानं फक्त जागा सांगायची, पथकानं जाऊन पाहायचं. आत टेबलावर प्रकार, कॅलिबर, अनुक्रमांक, कारखान्याची खूण, अवस्था, एवढं लिहून टॅग. बोल्ट काढून वेगळ्या पेटीत, वेगळ्या खोलीत. दारूगोळा शस्त्रापासून लांब आणि राहत्या वस्तीपासून त्याहून लांब.

कापताना नुसती नळी कापून उपयोग नसतो, नळी बदलता येते. कलाश्निकोव्ह असेल तर रिसीव्हर, नळीची कोठीकडची बाजू आणि बोल्ट, तिन्हीवर काप हवा. कापाकापी त्याच दिवशी. रात्रभर ठेवलेला ढीग सकाळी कमी भरतो, हे जगभर झालंय.

अवचित_पाऊस

योजनेत शस्त्रखरेदी आहे ना? दर काय ठेवणार? आपल्याकडे गडचिरोलीत ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याचे ६० सहकारी ५४ शस्त्रांसह शरण आले. आपल्या आत्मसमर्पण धोरणात शस्त्राच्या प्रकारानुसार रक्कम असते. तसं का नको?

नोंदवही

@अवचित_पाऊस, गडचिरोलीत राज्य शाबूत आहे. शरण येणाऱ्याला घेणारे पोलिस आहेत, खातं उघडणारी बँक आहे, घर देणारा जिल्हाधिकारी आहे, आणि शरण आलेल्यांची संख्या शेकड्यात. गाझात यातलं काहीच उभं नाही.

खरेदीचा धडा लायबेरियात मिळाला. माणशी ३०० डॉलर, दोन हप्त्यांत. पात्रता म्हणजे एक शस्त्र किंवा १५० गोळ्या. डिसेंबर २००३ मध्ये मन्रोव्हियाजवळच्या छावणीत सुरुवात झाली. तयारी होती सुमारे हजार जणांची, आले त्याच्या कितीतरी पट. पैसे लगेच मिळत नाहीत म्हटल्यावर दंगल पेटली, दहा दिवसांत काम बंद. एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं. अंदाज होता ३८ हजार लढवय्यांचा, यादी संपली तेव्हा नावं एक लाखावर आणि शस्त्रं सुमारे २८ हजार. गोळ्यांची अट सैल होती, म्हणून कमांडरनं पेटी फोडून भाच्यापुतण्यांत गोळ्या वाटल्या आणि प्रत्येकाची नोंदणी झाली. ज्या बायका-मुली खरंच फौजेबरोबर होत्या त्यांच्या हातातली बंदूक मात्र कमांडरनं काढून दुसऱ्याला दिलेली.

दर बाजारभावाच्या वर ठेवला की बाहेरून बंदुका येतात, खाली ठेवला की कुणी येत नाही. म्हणून रोख रक्कम शस्त्राला जोडू नये. माणसाला जोडावी, महिन्याच्या हप्त्यानं द्यावी आणि मधे कमांडर नसावा.

कलमबहाद्दर

बोलावलंत म्हणून लिहितो, थोडं किचकट आहे.

हमास ऑक्टोबर १९९७ पासून अमेरिकेच्या परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. अशा संघटनेला ‘भौतिक साहाय्य’ देणं फौजदारी गुन्हा. रोख पैसा, राहायची जागा, वाहतूक, प्रशिक्षण, तज्ज्ञ सल्ला, सगळं त्यात येतं. आता योजना म्हणते शस्त्र द्या, पैसे घ्या, कामधंद्याला लागा. अमेरिकी निधीवर चालणाऱ्या संस्थेनं वायरमनचा वर्ग काढला आणि वर्गातला माणूस अजून संघटनेत निघाला, तर संस्थेचा वकील पहिल्याच आठवड्यात वर्गाला टाळं लावेल.

त्याच कायद्यात एक खिडकी आहे. महान्यायवाद्याच्या संमतीनं परराष्ट्रमंत्री प्रशिक्षण, मनुष्यबळ आणि तज्ज्ञ सल्ला यांना मंजुरी देऊ शकतो. रोख रकमेला ही खिडकी नाही. म्हणजे १३ व्या कलमातली ‘शस्त्रखरेदी’ अमेरिकी डॉलरनं करायची तर सभागृहाला कायद्यात वेगळा अपवाद घालावा लागेल, नाहीतर पैसा आखाती देशांचा आणि वाटप तिसऱ्याचं, अशी कसरत.

हे नुसतं पुस्तकी नाही. फार्कशी शांतता करार २०१६ चा, शस्त्रं दिली २०१७ मध्ये, पण अमेरिकेच्या यादीतून नाव निघालं ३० नोव्हेंबर २०२१ ला. तोवर अमेरिकी मदतसंस्था माजी फार्क सदस्यांच्या कार्यक्रमांपासून अंग चोरून होत्या. नेपाळचे माओवादी तर २०१२ पर्यंत अमेरिकेच्या दहशतवादी यादीत होते. मधल्या काळात त्यांचे नेते प्रचंड पंतप्रधान होऊन गेले.

आणखी दोन कायदे. २०१८ चा टेलर फोर्स कायदा पॅलेस्टिनी प्राधिकरणाला होणाऱ्या आर्थिक मदतीवर अटी घालतो, कैद्यांच्या आणि हल्लेखोरांच्या कुटुंबांना दिल्या जाणाऱ्या भत्त्यांमुळे. आणि मार्च २०२४ मध्ये सभागृहांनीच वर्षभरासाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा, म्हणजे उनर्वाचा, निधी बंद केला. शाळा-दवाखाने चालवणारी सगळ्यात मोठी यंत्रणा तीच होती. पत्र लिहिणाऱ्यांनी आपल्याच कपाटातले हे तीन कायदे आधी टेबलावर काढावेत.

तिरपी_नजर

कलमबहाद्दर, वा! यात पगाराचं त्रांगडं जोडा. २००७ नंतर हमासनं स्वतःचे सुमारे ४० हजार कर्मचारी भरले आणि रामल्लाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या, जुन्या कर्मचाऱ्यांना घरी बसून पगार मिळत राहिला. २०१४ मध्ये संयुक्त सरकार झालं ते याच पगारावर अडकलं, कारण बँकांना निर्बंधांची धास्ती. शेवटी त्या ऑक्टोबरात कतारच्या पैशातून बिगरलष्करी कर्मचाऱ्यांना प्रत्येकी १,२०० डॉलर एकरकमी दिले. तेवढ्यानं प्रश्न सुटला नाही. वाहतूक पोलिस, अग्निशमन, पाणीपुरवठ्याचे फिटर, सगळे त्याच यादीत. सरसकट ‘हमासची माणसं’ म्हणून काढलीत तर पंप कोण चालवणार? २००३ मध्ये इराकी सैन्य आणि बाथ पक्षाच्या लोकांना एका फटक्यात घरी पाठवल्याचं फळ सगळ्यांनी पाहिलंय.

खडीवाला

बंदुकांवर पुष्कळ झालं. आता जमिनीवर या.

ढिगारा सुमारे सहा कोटी टन. क्षेत्र ३६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी काढली तर दर चौरस मीटरला १६५ किलोच्या आसपास. वीस टनी डंपर धरला तर तीस लाख खेपा. रोज ५०० खेपा केल्या तर सोळा वर्षं, रोज १,५०० केल्या तर साडेपाच. रोज १,५०० साठी डिझेल, टायर, हायड्रॉलिक नळ्या आणि सुटे भाग लागतात, आणि यातलं बरंचसं इस्रायलच्या दुहेरी वापराच्या (नागरी आणि लष्करी, दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तूंच्या) यादीत अडकतं. तुलनेसाठी इराकमधल्या मोसूलचा ढिगारा ८० लाख टनांच्या घरात होता आणि तो उपसायला वर्षं लागली.

ढिगाऱ्यात तीन गोष्टी आहेत ज्यामुळे पोकलेन घालून सरळ भरता येत नाही. पहिली, न फुटलेले बॉम्ब. साधारण दहा टक्के बॉम्ब फुटत नाहीत असं धरतात. ९०० किलोच्या बॉम्बमध्ये चारशे किलोवर स्फोटक असतं आणि विलंबी फ्यूज असला तर तो वाळूत कित्येक मीटर खाली जातो. धातुशोधक यंत्र इथं कुचकामी, कारण सगळीकडे सळई. म्हणून हातभर जाडीचा एकेक थर काढायचा, चिलखती काच लावलेला पोकलेन, शेजारी सुरक्षित अंतरावर बघ्या, काही गोलाकार दिसलं की इंजिन बंद. दुसरी गोष्ट, मृतदेह. हजारो अजून खाली आहेत. सापडला की काम थांबतं, जागेची नोंद, कपड्यांची, दातांची नोंद, ओळख पटवणाऱ्या पथकाकडे हवाली. हे घाईनं केलं तर लोक यंत्रासमोर आडवे पडतील, आणि ते बरोबरच असेल. तिसरी, छावण्यांतल्या छपरांचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे. पाणी मारून ओले ठेवायचे, हातानं वेचायचे, दुहेरी पिशवीत भरून वेगळ्या खड्ड्यात. क्रशरमध्ये गेले की सगळी खडी बाद.

क्रशरमधून निघालेली ४० मिमीखालची खडी रस्त्याच्या पायाला उत्तम. स्लॅबला नाही, जिप्सम आणि क्षार फार.

मापटं

खडीवाला, निःशस्त्रीकरणाचा आणि ढिगाऱ्याचा इथं सरळ सांधा आहे. न फुटलेल्या बॉम्बमधलं स्फोटक काढून हमास सुरुंग बनवत आलंय. शस्त्रं गोळा करताय आणि ढिगाऱ्यात हजारो टन स्फोटक उघडं पडलंय, असं चालत नाही. बॉम्बशोधक पथक हे पुनर्बांधणीच्या यादीत न टाकता निःशस्त्रीकरणाच्या पहिल्या टप्प्यात टाकायला हवं.

घाटावरचा

आणि सिमेंट? ते भुयारात जातं म्हणून तर सगळी अडवाअडवी.

खडीवाला

हिशोबच करू. आपल्याकडचा ठोकताळा घ्या, हजार चौरस फूट आरसीसी घराला ४०० पोती, म्हणजे २० टन सिमेंट आणि चार टन सळई. एक लाख घरं म्हणजे २० लाख टन सिमेंट. आणि मोडलेली-पडलेली घरं चार लाखांवर आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये सीमेखाली सापडलेलं पावणेदोन किलोमीटरचं भुयार शेकडो टन सिमेंटचं होतं. किलोमीटरला ३०० टन धरा. २० लाख टनांतून एक टक्का गळाला तरी ६६ किलोमीटरहून जास्त भुयार. ९९ टक्के काटेकोर असलेली व्यवस्थासुद्धा या कसोटीवर नापास! म्हणून केवळ पोती मोजून सुरक्षेची हमी कुणी देऊ नये, आणि केवळ गळतीच्या भीतीनं घरंही अडवू नयेत. भुयार खणायला सिमेंटपेक्षा माती बाहेर काढायची जागा, वीज आणि वेळ लागतो. उघड्या मैदानावर मातीचा ढीग उपग्रहातून दिसतो.

२०१४ च्या युद्धानंतर पोती मोजायचाच प्रयत्न झाला. संयुक्त राष्ट्रं, प्राधिकरण आणि इस्रायल यांनी मिळून एक यंत्रणा उभी केली. प्रत्येक घराच्या नुकसानीचं मोजमाप, संगणकात कोटा, नोंदणीकृत दुकानातून पोती, काँक्रीटच्या प्लांटवर कॅमेरे. बिघडलं कुठं? ज्याचं घर किरकोळ तडकलं त्याला कोटा आधी मिळाला. त्याच्याकडं गवंड्याला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यानं पोती दुकानाच्या दारातच चढ्या भावानं विकली. ज्याचं घर जमीनदोस्त त्याचा कागद मंजूरच नव्हता, तोच विकत घेणारा. काळ्या बाजारातलं सिमेंट मुख्यतः घरांनाच गेलं. मग एप्रिल २०१६ मध्ये सिमेंट वळवल्याच्या आरोपावरून इस्रायलनं खासगी पुरवठा सुमारे दीड महिना बंद केला. प्लांट बंद, गवंडी बसून, भाव आणखी वर. लाकडाची फळी एक सेंटिमीटरहून जाड नको, असाही नियम होता. सेंटरिंग कशाचं करणार?

उपाय साधा आहे. पोती द्यायचीच नाहीत. तयार काँक्रीट मिक्सर गाडीतून, ओतायच्या दिवशी, ओतायच्या जागी. दोन-तीन तासांत वापरलं नाही तर ते दगड. पोतं लागतं फक्त गिलाव्याला आणि वीटकामाला. सिमेंटबरोबर मजुरीचा हप्ताही द्यायचा, म्हणजे विकायची पाळी येत नाही.

अवचित_पाऊस

भुयारं बुजवायची कशी? पाणी सोडून पाहिलं म्हणे.

खडीवाला

समुद्राचं पाणी सोडलं, फारसं साधलं नाही. जमीन वालुकामय, पाणी मुरतं, आणि भूजल आधीच खारं. स्फोटानं पाडलं तर वर खड्डा पडतो आणि पोकळी तिरकी पुढं सरकते. त्यावर चार मजली इमारत उभी केली तर दोन पावसाळ्यांत भेग.

वर इमारत बांधायची असेल तर पोकळी भरायला हवी. दोन मीटर उंच, एक मीटर रुंद भुयार म्हणजे मीटरला दोन घनमीटर. पाचशे किलोमीटर धरले तर दहा लाख घनमीटर. पातळ, आपोआप पसरणारं मिश्रण: क्रशरची भुकटी, वाळू, पाणी आणि घनमीटरला ५० ते १०० किलो सिमेंट. एकूण सिमेंट ५० हजार ते एक लाख टन. घरांच्या मानानं किरकोळ, आणि ढिगाऱ्याची भुकटीही खपते. दर ठरावीक अंतरावर बोअर, एकीकडून ओतायचं, दुसरीकडून हवा आणि पाणी बाहेर येतंय ना बघायचं. त्याआधी आत स्फोटक नाही याची खात्री, आणि नकाशा. नकाशा हमासकडंच आहे. माफीच्या अटींत तो घालायला हवा, फार्कच्या पुरलेल्या साठ्यांसारखा.

तिरपी_नजर

एक नवीन टूम निघालीय, पिवळ्या रेषेच्या पूर्वेला, इस्रायली ताब्यातल्या निम्म्याहून जास्त भागात आधी बांधायचं. शस्त्रं पश्चिमेला, घरं पूर्वेला. जमीन कुणाच्या नावावर आहे ते कुणी पाहणार का? रफाहच्या माणसाच्या जागेवर गाझा शहराच्या माणसाचं घर उभं राहिलं की पुढच्या पन्नास वर्षांचा दावा तयार.

नोंदवही

लेबनॉनमधली नहर अल-बारेद छावणी आठवा. २००७ मध्ये लढाईत जमीनदोस्त, २००८ मध्ये व्हिएन्नात देणगीदारांची परिषद, आठ टप्प्यांत बांधायचं ठरलं. ढिगाऱ्यात स्फोटकं, मग खोदताना प्राचीन नगराचे अवशेष, मग पैसा आटला. दहा वर्षांनंतरही काम अपुरं. पण एक गोष्ट तिथं नीट केली. बांधायला घेण्याआधी रहिवाशांसोबत बसून कोणत्या घराशेजारी कोणतं घर होतं याचा नकाशा काढला. हक्काचे कागद जळाले असतील तेव्हा शेजारी हाच दाखला.

लोकप्रतिनिधींच्या हातात सहामाही अहवाल आहे. त्यात प्रत्येक वेळी हे रकाने मागावेत: कोणत्या प्रकारची किती शस्त्रं, अनुक्रमांकासह, आणि कितींचे तुकडे झाले, किती कार्यशाळा उघडून दाखवल्या, किती हेक्टर स्फोटकमुक्त, किती घनमीटर काँक्रीट ओतलं, किती लढवय्यांच्या खात्यात कितवा हप्ता गेला, फाटकावर किती गाड्या परत पाठवल्या आणि कोणत्या वस्तूसाठी. शेवटचा रकाना गाळला जाईल, तो आधी मागावा.

गोदामरक्षक

एक रकाना राहिला, इतर गटांची शस्त्रं. रफाहकडच्या टोळ्या, मोठी घराणी, इस्लामिक जिहाद. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम होताच हमास आणि दुघमुश घराण्यात गोळीबार झाला होता. हमासची रायफल आली आणि शेजारच्या घराण्याची राहिली तर पुढच्या आठवड्यात हमासवाला रायफल परत मागायला येईल. सिएरा लिओनमध्ये म्हणूनच बंडखोर आणि सरकारच्या बाजूचे कमाजोर, दोघांची शस्त्रं जिल्हावार एकाच वेळी घेतली. एका जिल्ह्यात दोन्ही बाजू, मग पुढचा जिल्हा. गाझात पाच प्रांत आहेत. सुरुवात देईर अल-बलाहपासून करावी, तिथं रस्ते आणि इमारती त्यातल्या त्यात शिल्लक आहेत.

घाटावरचा

देईर अल-बलाहमध्ये विस्थापितांची गर्दी सगळ्यात जास्त. तिथं दारूगोळ्याचं कोठार कुठं करणार?

गोदामरक्षक

वस्तीत नाहीच. तिथं फक्त नोंदणी आणि रायफली. दारूगोळा आणि स्फोटकं रोज संध्याकाळच्या आत स्थिरीकरण दलाच्या कुंपणातल्या जागेकडं हलवायची, गाडीत एका प्रकारचाच माल, डिटोनेटर वेगळ्या गाडीत. मार्ग आधी दोन्ही बाजूंना कळवलेला हवा, नाहीतर तीच गाडी वरून टिपली जाईल.